आधी मुलांच्या वह्या, मग कोर्सची लिंक

रात्री साडेनऊला केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोर्सची लिंक पडते, सोबत अंतिम तारीख. पाठोपाठ अंगठे आणि ‘ओके सर’ यांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, साहेब नसलेल्या दुसऱ्या गटावर सगळ्या प्रश्नांची उत्तरे असलेली पीडीएफ येते. व्हिडिओ आवाज बंद करून टेबलावर चालू राहतो आणि गुरुजी तिकडे चौथीला भागाकार शिकवत असतात. आठवड्याभरात तालुक्याचा अहवाल शंभर टक्क्यांवर जातो, प्रमाणपत्रे फायलीला लागतात आणि वर्ग होता तिथेच असतो.

‘शिक्षकांकडून कोर्स पूर्ण करून घ्या’ ही जबाबदारी ज्यांच्या अंगावर येते आणि नुसते पूर्ण होऊन उपयोग नाही हेही ज्यांना कळते, त्या केंद्रप्रमुखांसाठी, मुख्याध्यापकांसाठी, विस्तार अधिकाऱ्यांसाठी आणि विषय साहाय्यकांसाठी हा लेख आहे.

ऑनलाइन प्रशिक्षण आता टळणारे नाही. ‘दीक्षा’ हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. देशातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी आखलेले ‘निष्ठा’ प्रशिक्षण ऑगस्ट २०१९मध्ये समोरासमोरचे म्हणून सुरू झाले; कोविडमुळे ऑक्टोबर २०२०पासून ते दीक्षावर आले आणि प्राथमिक शिक्षकांसाठी त्याचे १८ कोर्स झाले. पुढे माध्यमिक, पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, बालशिक्षण असे टप्पे वाढत गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. शाळेचे दहा महिने धरले तर महिन्याला पाच तास होतात. हे पाच तास पीडीएफ शोधण्यात जायचे की वर्गाच्या कामी यायचे, हे मंत्रालयात ठरत नाही. ते केंद्रशाळेच्या खोलीत ठरते.

माझे सांगणे थोडक्यात असे: नाखूश शिक्षकाला आधी पटवायचे आणि मग कोर्सला बसवायचे, हा क्रम सोडून द्या. त्याच्या वर्गातली एक अडचण कोर्समधल्या एका तुकड्याने सुटलेली त्याला दिसू द्या. पटणे त्याच्या मागून येते.

नकार एकसारखा नसतो

‘आमच्या केंद्रातले काही शिक्षक फार नकारात्मक आहेत’ असे म्हटले की पुढचा विचार थांबतो. बारकाईने पाहिले तर साधारण चार प्रकारचे शिक्षक दिसतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे.

पहिले, ज्यांना खरोखरच वेळ नाही. द्विशिक्षकी शाळेतल्या बाई दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळतात, पोषण आहाराची माहिती भरतात, यूडायसचे काम करतात, वर मतदार यादीचे काम असतेच. घरी गेल्यावर स्वयंपाक आणि स्वतःच्या मुलांचा अभ्यास. त्यांच्याशी कोर्सच्या महत्त्वाबद्दल बोलणे म्हणजे जखमेवर मीठ. त्यांना वेळ काढून द्यावा लागतो.

दुसरे, मोबाइलला बिचकणारे. यात वयावरून अंदाज बांधू नका. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले गुरुजी फोनवरून वीजबिल भरतात, यूट्यूबवर भजने ऐकतात, मुलाला परगावी पैसे पाठवतात. त्यांना मोबाइल येतो. लॉगिन, ओटीपी आणि ‘पासवर्ड चुकीचा आहे’ या लाल अक्षरांपुढे मात्र त्यांचा हात थांबतो, कारण चुकलो तर कनिष्ठांपुढे हसे होईल ही भीती असते. त्यांना माहितीची गरज कमी आणि चारचौघांत हसे न होता सराव करायला मिळण्याची गरज जास्त असते.

तिसरे, ज्यांना हे आपल्या कामाचे वाटत नाही. ‘कोर्समधली शाळा माझ्या शाळेसारखी दिसतच नाही. तिथं पंचवीस मुलं आणि तीस खेळणी, इथं पहिली ते चौथी एका खोलीत.’ हा आक्षेप बऱ्याचदा खरा असतो. तो खोडून काढण्याच्या भानगडीत पडू नका. कोर्समधले काय आपल्याकडे चालेल आणि काय नाही, हे निवडण्याचे काम त्यांच्यावरच सोपवा.

चौथे, अनुभवाने विटलेले. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कितीतरी प्रशिक्षणे केली, प्रत्येक वेळी ‘आता सगळे बदलणार’ हे ऐकले, आणि साहेब बदलले की योजना बदललेली पाहिली. त्यांच्या टोमण्यांमागे शहाणपण असते. यांना उत्साही भाषण दिले की ते आणखी आत वळतात. यांच्यापुढे एकच गोष्ट चालते, ती म्हणजे मुलांमध्ये दिसणारा फरक.

एका केंद्रात दहा-बारा शाळा असल्या तरी प्रत्येक नाखूश शिक्षकाशी दहा मिनिटे स्वतंत्र बोलणे अशक्य नाही. शाळाभेटीतच बोला, पण टेबलापलीकडे बसून नको. व्हरांड्यात, चहा घेताना बोला. तीन गोष्टी विचारा. सध्या वर्गात मुले कुठे अडतात? मागच्या प्रशिक्षणातले काही वर्गात वापरले का, नसेल तर का? कोर्स करायला नेमके काय आडवे येते? उत्तरे वहीत लिहा. समजावून सांगायला त्या दिवशी तोंड उघडू नका. साहेब ऐकून लिहून घेतात, एवढ्यानेही पुढचे काम हलके होते.

पटणे शेवटी येते

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी १९८६मध्ये शिक्षकांच्या बदलाबद्दल एक साधी पण उलटी मांडणी केली. प्रशिक्षणे आखणारे धरून चालतात की आधी शिक्षकाचा विचार बदलेल, मग तो वेगळे शिकवेल आणि मग मुले चांगली शिकतील. गस्की यांचे म्हणणे असे की शिक्षक आधी वर्गात काहीतरी वेगळे करून पाहतो, त्याने मुलांच्या शिकण्यात फरक पडलेला दिसतो आणि त्यानंतर त्याचा विचार बदलतो. मुलांना येऊ लागले, हा शिक्षकासाठी सर्वांत मोठा पुरावा.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला त्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक येत होते. ज्ञानरचनावादावरची व्याख्याने त्यांनी आधीही ऐकली होती. पण पहिलीतली मुले फरशीवर आखलेल्या चौकटींत बसून आपापले शिकताहेत, गुरुजींची वाट पाहत नाहीत, हे डोळ्यांनी पाहिल्यावर अनेकांनी परत येऊन आपल्या वर्गाची फरशी रंगवली. सगळ्यांचे ते टिकले असे नाही. पण व्याख्यानाने जे हलले नव्हते ते पाहण्याने हलले.

ऑनलाइन कोर्समध्ये हे पाहणे कमी पडते. पडद्यावरचा वर्ग दुसऱ्याचा असतो. म्हणून मधला दुवा आपण जोडायचा.

एक उदाहरण: बावन्नातून सत्तावीस

तिसरीच्या कोणत्याही वर्गात ५२ वजा २७ हे गणित द्या. काही मुले हमखास ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करतात: पाच. पाचातून दोन गेले, तीन. उत्तर ३५. मूल निष्काळजी नसते. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हा त्याने स्वतः शोधलेला नियम ते इमानाने पाळत असते. शिक्षक लाल शाईने चूक करतात, ‘हातचा घे’ म्हणून सांगतात, मूल मान डोलावते आणि पुढच्या गणितात तेच करते.

आता ही अडचण घेऊन कोर्सकडे जा. पायाभूत संख्याज्ञानाच्या कोर्समध्ये स्थानिक किमतीचा, दशक-एककाचा भाग असतोच. संपूर्ण कोर्स आधी आपण पाहायचा, त्यातला नेमका उपयोगी भाग शोधायचा आणि तेवढाच शिक्षकाला दाखवायचा. मग कृती ठरवायची: आइसक्रीमच्या काड्यांचे किंवा खराट्याच्या हिरांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधायचे. मुलासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवायच्या आणि सत्तावीस काड्या मागायच्या. दोन गठ्ठे ते लगेच देते. सात सुट्या काड्या मात्र त्याच्याकडे नसतात. ते थांबते, आपल्याकडे बघते. काही सांगायचे नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढते. त्या क्षणी ‘हातचा’ म्हणजे काय ते त्याच्या हातात आलेले असते. उरलेले मोजले की दोन गठ्ठे आणि पाच सुट्या, म्हणजे पंचवीस. त्यानंतर तेच पाटीवर, मग वहीत.

या कामाला चार-पाच दिवसांच्या गणिताच्या तासिका पुरतात. सुरुवातीला सगळ्या वर्गाला हातच्याची पाच गणिते देऊन वह्या जपून ठेवायच्या, शेवटी पुन्हा तशीच पाच द्यायची. दोन्ही वह्या शेजारी ठेवून शिक्षकाने स्वतः पाहायच्या. पस्तीस लिहिणारी मुले कमी झाली असतील तर तुम्हाला काही बोलावे लागणार नाही. कमी झाली नसतील तर तेही कामाचेच; का झाली नाहीत, यावर पुढची चर्चा होते. ‘काड्यांनी जमतं, पण वहीवर आलं की पुन्हा तेच’ असे एखाद्या बाई म्हणाल्या, तर काडी आणि अंक यांच्यामध्ये एक पायरी राहिली आहे हे त्यांनीच शोधून काढलेले असते. पुढच्या वेळी कोर्समध्ये काय शोधायचे ते त्यांना आता ठाऊक आहे.

भाषेतही हे करता येते. जोडाक्षरांना अडखळणारी मुले, वाचते पण अर्थ सांगत नाही असे मूल, परिपाठात बोलायला घाबरणारी मुले: प्रत्येक वर्गात अशी एक गोष्ट असतेच. तिथून सुरुवात करा.

महिन्याची आखणी

वरच्या उदाहरणाचा साचा केला तर महिना असा बसतो.

पहिल्या आठवड्यात शिक्षकाने वर्गातली एक अडचण निवडायची. एकच, आणि मुलांच्या वहीत दिसेल अशी. ‘मुलांना वाचनाची गोडी नाही’ ही अडचण नव्हे, ती तक्रार झाली. ‘तिसरीतली सहा मुले जोडाक्षर आले की थांबतात’ ही अडचण.

दुसऱ्या आठवड्यात कोर्समधला तिच्याशी जुळणारा भाग पाहायचा. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. पाहताना टाचणवहीच्या मागच्या पानावर दोनच ओळी लिहायच्या: यातले मी काय करून पाहणार, आणि यातले माझ्या वर्गात का चालणार नाही. दुसरी ओळ महत्त्वाची आहे. ती लिहायची मुभा असली की शिक्षक कोर्स जास्त लक्ष देऊन पाहतात, कारण आता ते नुसते ऐकणारे राहत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात वर्गात करून पाहायचे. शक्य असेल तर केंद्रप्रमुखांनी किंवा शेजारच्या वर्गाच्या शिक्षकाने एक तासिका तिथे बसायचे. शेरा लिहायला नको. गठ्ठे बांधायला, मुलांचे काय चालले आहे ते पाहायला बसायचे. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात हेच ठासून सांगितले होते: नुसते ऐकून आणि पाहून आलेले तंत्र फारसे वर्गापर्यंत पोचत नाही, करून पाहताना सोबतीला सहकारी असला तर पोचते.

चौथ्या आठवड्यात केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वह्या घेऊन यायचे. भाषणे कमी करून किमान पाऊण तास यालाच द्या. चार-चार शिक्षकांचे गट करा आणि प्रत्येकाला सहा-सात मिनिटे द्या: अडचण काय होती, काय केले, वही काय सांगते. जमले नाही असे सांगणाऱ्याला आधी बोलायला लावा. तो बोलला की बाकीचे मोकळे होतात.

कोर्सचे उरलेले भाग आणि चाचणी शिक्षकांनी आपल्या सोयीने पूर्ण करावी. ज्याने एक भाग खरा वापरला आहे, तो उरलेल्या भागांतही काहीतरी शोधत राहतो असा अनुभव येतो. सगळेच शोधतील असे नाही, आणि तेही चालते.

तांत्रिक अडथळे एका बैठकीत संपवा

‘तांत्रिक अडचण आली’ हे कारण खरेही असते आणि सोयीचेही. ते सोयीचे राहू नये म्हणून खरे असेल तेवढे संपवून टाका. सत्राच्या सुरुवातीला एक बैठक फक्त यासाठी घ्या आणि त्या दिवशी कोर्सबद्दल काहीही बोलू नका.

बैठकीत प्रत्येकाने आपल्याच फोनवर, आपल्याच हाताने लॉगिन करायचे. ज्याला येते त्याने दुसऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही, हा नियम कडक पाळा. शेजारी बसून बोट दाखवायचे, बस. बंद पडलेला जुना मोबाइल नंबर, विसरलेला ईमेल, प्रोफाइलमध्ये चुकलेले नाव, चुकीचा जिल्हा किंवा शाळा या गोष्टी इथेच दुरुस्त करा. नाव चुकले तर प्रमाणपत्रावरही तेच येते आणि मग दोन महिने अर्जफाटे. लॉगिनचा तपशील प्रत्येकाने घरी ठेवायच्या स्वतःच्या डायरीत लिहावा, शाळेच्या भिंतीवर नको.

डोंगराळ आणि आदिवासी भागातल्या शाळांसाठी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे दीक्षा अ‍ॅपवर साहित्य डाउनलोड करून नंतर नेटशिवाय पाहता येते. मेळघाटात किंवा भामरागडला अनेक शाळांत रेंज नसते, पण शिक्षक आठवड्याच्या बाजाराला, बँकेला किंवा पंचायत समितीला येतातच. गटसाधन केंद्रात वायफाय असेल तर बैठकीच्या दिवशी अर्धा तास आधी बोलावून महिन्याचे साहित्य तिथेच उतरवून द्या. नेटशिवाय पाहिलेल्याची नोंद पुन्हा रेंजमध्ये आल्याशिवाय मंचावर दिसत नाही, हेही आधीच सांगा. नाहीतर शिक्षक तळमळतात की पाहिले तरी ‘अपूर्ण’ दाखवते, आणि पुढच्या वेळी पाहतच नाहीत.

आणखी एक: मंचाचा सर्व्हर मंद असेल, तारीख वाढली असेल, प्रमाणपत्र यायला उशीर होत असेल तर तसे स्वच्छ कळवा. व्यवस्थेचा दोष शिक्षकाच्या माथी मारला की पुढचे सहा महिने तुमचे कोणी ऐकत नाही.

गटावर काय लिहाल

केंद्रात खेळीमेळी आहे की धाक, हे व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या भाषेवरून ओळखता येते. हा संदेश पाहा:

‘खालील शिक्षकांचे कोर्स अद्याप अपूर्ण आहेत. आज सायं. ५ पर्यंत पूर्ण करून स्क्रीनशॉट टाकावा. सदर बाब गांभीर्याने घ्यावी, अन्यथा नावे वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात येतील.’ खाली नावांची यादी, लाल रंगात.

या संदेशाने पाच वाजेपर्यंत स्क्रीनशॉट नक्की येतात. यादीतल्या ज्येष्ठ बाईंचे नाव सत्तर लोकांनी वाचलेले असते, त्यात त्यांच्या हाताखाली शिकलेला तरुण शिक्षकही असतो. त्या पुन्हा कधी मोकळेपणाने ‘मला जमत नाही’ म्हणणार नाहीत. उलट पीडीएफ कुठे मिळते ते पक्के लक्षात ठेवतील.

हाच निरोप असा देता येतो, गटावर नाही तर खासगीत:

‘बाई, नमस्कार. तिसरीच्या मुलांची हातच्याची वजाबाकी अडते असं तुम्ही म्हणाला होतात. कोर्समधला दशक-एककाचा भाग नेमका त्यावरच आहे, पंधरा मिनिटांचा. सुरुवातीचं स्वागत वगैरे सोडून द्या. गुरुवारी शाळेत येतोय, काड्या घेऊन येतो. वह्या बघू.’

सगळ्यांना असे लिहायला वेळ कुठे आहे, असे वाटेल. सगळ्यांना लिहायची गरज नाही. केंद्रातले बरेचसे शिक्षक साध्या सूचनेवरच काम करतात. खासगी निरोप लागतो तो पाच-सात जणांना.

गटासाठी तीन नियम पुरेत. अपूर्णांची यादी गटावर टाकायची नाही. शाळा सुटल्यावर आणि रविवारी कोर्सबद्दल काही टाकायचे नाही. आणि फोटो टाकायचा तर फुलांच्या गुच्छाचा किंवा प्रमाणपत्राचा नको, मुलांच्या कामाचा टाकायचा.

वेळ काढून द्या

इथे खरी परीक्षा शिक्षकाची नसून तुमची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २७ने शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावण्यास मनाई केली आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच त्याला अपवाद. प्रत्यक्षात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे, आणि केंद्रप्रमुखाला ते सगळे थांबवता येणार नाही. पण काही गोष्टी त्याच्या हातात असतात.

एकच माहिती तीन नमुन्यांत मागितली जात असेल तर दोन नमुने स्वतः भरा. माहिती आपल्याकडे आधीच असते. कोर्सची तारीख चाचण्या, निवडणुकीचे काम किंवा स्नेहसंमेलन यांच्याशी भिडत असेल तर वरच्या कार्यालयाला आधी लेखी कळवा. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एक तासिका प्रत्येक शिक्षकाला शाळेच्या वेळेत मोकळी करून द्यावी. त्या वेळी दोन वर्ग एकत्र करून गोष्ट, वाचन, कवायत किंवा चित्रकला घेता येते. एकशिक्षकी शाळेत हे शक्य नाही. तिथे केंद्रप्रमुखांनी महिन्यातून एकदा स्वतः तासभर वर्ग घ्यावा आणि शिक्षकाला शेजारच्या खोलीत कोर्स पाहू द्यावा. साहेबांनी वर्ग घेतला ही बातमी केंद्रभर फिरते, आणि कोर्सला खरेच महत्त्व आहे हे परिपत्रकाशिवाय कळते.

जोडी जमवताना

तरुण आणि ज्येष्ठ अशी जोडी लावण्याचा मोह होतो. त्यात तरुण हा शिकवणारा आणि ज्येष्ठ हा शिकणारा ठरून जातो, आणि ज्येष्ठाच्या मनात ते सलते. जोडी इयत्तेवरून लावा: दोन्ही तिसरीचे, दोन्ही पहिलीचे. अडचण सारखी असली की बोलायला विषय असतो.

विटलेल्या ज्येष्ठांना शिकणाऱ्याच्या बाकावर बसवण्यापेक्षा परीक्षकाच्या खुर्चीत बसवा. ‘सर, या कोर्समधल्या पाच कृतींपैकी बहुवर्ग शाळेत कोणत्या चालतील ते तुम्ही सांगा, पुढच्या परिषदेत तुम्हीच मांडा.’ कोर्स नीट पाहिल्याशिवाय मांडणी करता येत नाही. पंचवीस वर्षांचा वर्गाचा अनुभव अशा वेळी कोर्सच्या विरुद्ध उभा राहायचा थांबतो आणि कोर्सला तासून घेतो. कदाचित ते पाचपैकी तीन कृती निकामी ठरवतील. उरलेल्या दोन केंद्रातले सगळे शिक्षक डोळे मिटून करतील, कारण त्या त्यांच्या तोंडून आल्या.

सक्ती, प्रमाणपत्र आणि पीडीएफ

सक्ती पूर्ण काढून टाकावी असे माझे म्हणणे नाही. वेतनश्रेणीशी जोडलेले प्रशिक्षण पाहा: १२ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ श्रेणीचे आणि २४ वर्षांनंतरच्या निवड श्रेणीचे प्रशिक्षण २०२२मध्ये ऑनलाइन झाले, तेव्हा ते चुकवायला कोणी तयार नव्हते. पगाराचा प्रश्न असला की शिक्षक लॉगिनही शिकतो आणि रात्री जागूनही पाहतो. म्हणजे ‘तंत्रज्ञान जमत नाही’ हे शेवटचे कारण नसते. पण आमिषाने आणि धाकाने माणूस कोर्सच्या दारापर्यंत येतो. आत काय करतो ते त्या आमिषावर ठरत नाही.

उत्तरांच्या पीडीएफवर नीतिपाठ देऊ नका. पर्याय निवडायचा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर फिरणारच. आपल्या पातळीवर असे काही मागा की ज्याचे उत्तर दुसऱ्याचे चालणार नाही: वर्गातल्या दोन वह्यांचे आधीचे आणि नंतरचे पान, मुलांची नावे झाकून, आणि शिक्षकाच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी. सगळ्या कोर्ससाठी नको, सत्रातून दोनदा पुरे. अहवाल म्हणून ते वर पाठवू नका, नाहीतर त्याचाही नमुना तयार होऊन फिरू लागेल.

काय मोजाल, काय सोडाल

वर पाठवायची टक्केवारी पाठवा, ती टळत नाही. स्वतःच्या वहीत मात्र वेगळे मोजा. या सत्रात किती शिक्षकांनी वर्गात एक तरी गोष्ट बदलून पाहिली? त्यातल्या किती वर्गांच्या वह्यांत फरक दिसला? आणि किती शिक्षकांनी आपणहून प्रश्न विचारला, ‘याच्या पुढचा भाग आहे का?’ असा? हा तिसरा आकडा वर्षभरात दोनावरून आठावर गेला तरी केंद्र चांगले चालले आहे असे समजा.

इतके करूनही एखादा शिक्षक हलणार नाही. त्याच्या मागे लागून बाकीच्यांचा वेळ घालवू नका. त्याचा वर्ग चांगला चालला असेल तर त्याला सध्या कोर्सची गरज नाही, हे मोकळेपणाने मान्य करा आणि त्याच्या वर्गात इतरांना पाहायला पाठवा. वर्ग चालत नसेल तर तो प्रश्न प्रशिक्षणाचा राहिलेला नाही. तो मुख्याध्यापकांसह समोरासमोर बसून सोडवायचा आहे, कोर्सच्या आडून नव्हे.

कधी कधी नकार कोर्सबद्दलचे खरे मत असतो. भाषांतर बोजड, उदाहरणे शहरी, व्हिडिओ लांबलचक, प्रश्न पाठांतराचे. अशा तक्रारी शिक्षकांच्या नावाशिवाय, पण कोर्स, भाग आणि नेमका दोष लिहून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला कळवा आणि कळवल्याचे शिक्षकांना सांगा. आपण काही बोललो आणि ते वर गेले, हा अनुभव फार थोड्या शिक्षकांना आलेला असतो.

पुढच्या शिक्षण परिषदेची तारीख ठरली असेलच. निमंत्रणाच्या संदेशात या वेळी कोर्सची लिंक टाकू नका. एवढेच लिहा: ‘येताना आपल्या वर्गातल्या दोन वह्या आणा, एक जमलेली आणि एक अडलेली.’ कोर्समधला कोणता भाग लागणार आहे, ते त्या वह्या पाहूनच ठरवा.